खिडकीच्या दोन्ही बाजूंना

मैत्रिणींनो,

हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा बारावीचे निकाल लागून गेलेले असतील. पेढे भरवतानाचे फोटो छापून आले असतील, 'यंदाही मुलींचीच बाजी' हा दर वर्षीचा मथळाही येऊन गेला असेल. त्यानंतरचे सहा-आठ आठवडे मात्र बातमीत येत नाहीत. बाजी मारलेली मुलगी कॉलेजात पोचली का, कुठल्या कॉलेजात पोचली, तिच्या घराने त्यासाठी काय गहाण टाकले, हे सगळे या आठवड्यांत ठरते. धोरणे मुंबई-दिल्लीत ठरतात हे खरे. पण गावातल्या मुलीपुढे ते धोरण एका माणसाच्या रूपाने उभे राहते. तो म्हणजे प्रवेशाचे काम पाहणारा माणूस. पूर्वी तो खिडकीमागे बसलेला हेडक्लार्क होता. आज कधी ती सुविधा केंद्रात संगणकापुढे बसलेली, तासिका तत्त्वावरची प्राध्यापिका असते, तर कधी खासगी विद्यापीठाच्या गारेगार कार्यालयातली 'ॲडमिशन कौन्सेलर' असते.

हुंडा, मारहाण, पोटगी, पाणी, रेशन या विषयांवर आपल्या चळवळीने ढीगभर लिहिले. या माणसाबद्दल मात्र फारसे कुणी लिहीत नाही. म्हणून या वेळचे संपादकीय त्याच्याबद्दल, आणि अधिक करून तिच्याबद्दल. मी एका तालुक्याच्या गावी अनुदानित महाविद्यालयात पंचवीस वर्षे शिकवले आणि त्यातले चौदा जून-जुलै प्रवेश समितीच्या टेबलावर काढले. त्यामुळे खिडकीची आतली बाजू मला ठाऊक आहे, आणि संघटनेच्या कामामुळे बाहेरचीही.

जुन्या व्यवस्थेची आठवण काढून हळहळणारे पुष्कळ भेटतात. 'तेव्हा माणसं होती, आता नुसतं मशीन आहे,' असे ते म्हणतात. ती माणसे कशी होती हे जरा आठवून पाहू. फॉर्मसाठी सकाळपासून रांग लागे. मुलीचा नंबर आला की क्लार्क तिच्या मागे उभ्या असलेल्या बापाशी बोलू लागे. 'सायन्स कशाला? प्रॅक्टिकलला उशीर होतो, एसटी चुकते. आर्ट्सला घाला, घरचं बघून होतं.' लग्न झालेल्या मुलीचा फॉर्म आला तर 'दिवाळीनंतर यायच्या बंद व्हाल, उगाच जागा अडवू नका.' दलित वस्तीतल्या मुलीचा फॉर्म 'दाखला अपुरा' म्हणून तीनदा परत जाई, आणि त्याच दाखल्यावर कुणा पुढाऱ्याची चिठ्ठी असली की चौथ्यांदा तो पुरा होई. गुणवत्ता यादी फलकावर लागे, पण यादीच्या खाली आणि यादीच्या बाहेर किती जागा भरल्या हे कार्यालयालाच माहीत.

त्याच खिडकीत दुसरेही काही घडत असे. शाळा सोडल्याचा दाखला सासरी अडकलेल्या एका मुलीच्या फॉर्मवर आमच्या कार्यालयीन अधीक्षकांनी 'पंधरा दिवसांत दाखला देण्याच्या अटीवर तात्पुरता प्रवेश' असा शेरा मारून सही ठोकली होती. नियमात ते बसत होते की नाही यावर नंतर बरीच चर्चा झाली, पण मुलगी वर्गात बसली. म्हणजे त्या माणसाच्या हातात अधिकार होता. तो अधिकार जातीचा आणि पुरुषी नजरेचा होता, लाचेचा होता, आणि अधूनमधून माणुसकीचाही होता. कोणत्या दिवशी कोणता निघेल हे मुलीच्या नशिबावर.

ही गोष्ट आजची नाही. मुंबई विद्यापीठाच्या सुरुवातीच्या नियमांत उमेदवाराचा उल्लेख सगळीकडे पुरुषवाचक सर्वनामाने होता, आणि त्या 'तो'च्या आधारे मुलींना मॅट्रिकच्या परीक्षेला बसू दिले जात नव्हते. १८८३ साली विद्यापीठाने ठराव केला की नियमांतल्या 'तो'मध्ये 'ती'ही धरावी. त्यानंतर कॉर्नेलिया सोराबजी पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकू शकल्या. एका सर्वनामाचा अर्थ कोण आणि कसा लावतो यावर तेव्हा दार उघडायचे की नाही हे ठरत होते. आज अर्जातल्या एका रकान्याचा अर्थ कोण लावतो यावर ते ठरते.

मधल्या काळात खिडकीत पैसा आला. १९८३ साली महाराष्ट्र सरकारने विनाअनुदानित खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली आणि 'देणगी' हा शब्द घरोघर पोचला. मुलाच्या देणगीसाठी शेत विकणारा बाप मुलीसाठी गुंठाही विकत नव्हता, हे वेगळे सांगायला नको. १९८७ साली राज्याने कॅपिटेशन फी बंदीचा कायदा केला, तरी पावतीवरचे नाव बदलून व्यवहार चालू राहिला. मोहिनी जैन या मीरतच्या मुलीला कर्नाटकातल्या एका खासगी वैद्यकीय महाविद्यालयात फी परवडेना म्हणून प्रवेश मिळाला नाही. ती सर्वोच्च न्यायालयात गेली आणि १९९२ साली न्यायालयाने कॅपिटेशन फी बेकायदा ठरवली. १९९३ चा उन्नीकृष्णन निकाल, २००२ चा टी. एम. ए. पै निकाल, २००५ चा इनामदार निकाल अशी पुढची वाट आहे. या वाटेने जाता जाता २०१५ साली महाराष्ट्राने खासगी व्यावसायिक महाविद्यालयांचे प्रवेश व शुल्क यांचे नियमन करणारा कायदा केला. आज सीईटी कक्ष केंद्रीय फेऱ्या घेतो, प्रवेश नियामक प्राधिकरण प्रवेश तपासते, शुल्क नियामक प्राधिकरण फी ठरवते. अकरावीचे प्रवेशही मुंबईत २००९ पासून ऑनलाइन झाले, मग इतर मोठ्या शहरांत, आणि २०२५ मध्ये साऱ्या राज्यात.

या बदलाने मुलींना काय दिले हे आधी मोकळेपणाने सांगितले पाहिजे. अभियांत्रिकीच्या केंद्रीय फेरीत मुलींसाठीच्या ३० टक्के जागा आता कुणाच्या मर्जीने भरल्या जात नाहीत. क्रमांक लागतो तो गुणांनी आणि आरक्षणाच्या बिंदूने. चिठ्ठीचे महत्त्व खूप कमी झाले. 'सायन्स कशाला' असे विचारायला संगणकाला तोंड नाही. २०२१-२२ च्या अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणात देशातल्या सुमारे ४ कोटी ३३ लाख विद्यार्थ्यांत मुली २ कोटी ७ लाख होत्या, आणि उच्च शिक्षणातले एकूण नोंदणीचे प्रमाण मुलींचे २८.५ व मुलांचे २८.३ होते. हा पल्ला मुलींनी आणि त्यांच्या आयांनी गाठला. पण खिडकीतला मनमानी अधिकार गेला याचाही त्यात वाटा आहे. ती मनमानी परत आणा असे मी म्हणत नाही.

प्रश्न वेगळा आहे. अधिकार गेला, तो कुठे गेला? आणि ज्याच्या हातातून गेला त्याचे काम आता काय उरले?

सुविधा केंद्रातल्या तपासनीस बाईचे काम पाहा. मुलीने कागद स्कॅन करून चढवायचे, बाईने आपल्या लॉगिनमधून ते उघडून एकेक रकाना जुळवायचा. जुळले तर 'निश्चित', नाही तर कारण निवडून अर्ज परत. कारणे यादीत ठरलेली. 'मुलगी समोर बसली आहे, रडते आहे, तिची अडचण खरी आहे' असे कारण त्या यादीत नाही. बाईला अर्ज मंजूर करण्याची मुदत आहे, पण थांबवून ठेवण्याची मुभा नाही. अटीवर प्रवेश देणारी ती जुनी सही आता तिच्या हातात नाही. जबाबदारी मात्र तिचीच. चुकीचा अर्ज मंजूर झाला तर खुलासा तिला मागतात. त्यामुळे शंका आली की ती परत पाठवते. तिच्या जागी कुणीही तेच करील.

आता या रकान्यांत कोणाची अडचण होते ते पाहू. मुलाचे नाव जन्मापासून मरेपर्यंत एक असते. मुलीचे शाळेच्या दाखल्यावर एक, लग्नानंतरच्या आधारवर दुसरे, बँकेच्या पुस्तकावर तिसरे. उत्पन्नाचा दाखला बापाचा की नवऱ्याचा? नवऱ्याने टाकलेली असेल तर कुणाचा? जातीचा दाखला माहेरचा असतो, पण त्यासाठी लागणारे बापाकडचे पुरावे भाऊबंदकीत अडकलेले असतात. अर्ज भरताना ओटीपी येतो तो भावाच्या फोनवर. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयोगटातल्या सुमारे ५४ टक्के स्त्रियांकडेच स्वतः वापरता येईल असा मोबाइल होता. याच सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या जवळजवळ २२ टक्के मुलींची लग्ने अठरा वर्षांच्या आत झालेली आढळली. या मुली पुन्हा शिकायला निघतात तेव्हा त्यांच्या कागदांचे काय होते याचा विचार अर्जाचा नमुना करणाऱ्याने केलेला नाही.

आमच्या केंद्रात येणाऱ्या एका मुलीचे उदाहरण देते. सतराव्या वर्षी लग्न, दोन वर्षांनी परत माहेरी, मग बाहेरून बारावी, चांगले गुण. पदविकेसाठी अर्ज केला. आधारवर सासरचे आडनाव, गुणपत्रिकेवर माहेरचे. अर्ज पहिल्यांदा परत आला तो नावासाठी. प्रतिज्ञापत्र जोडले, तर दुसऱ्यांदा परत आला तो विवाह नोंदणीच्या दाखल्यासाठी. ते लग्न नोंदवलेलेच नव्हते, कारण वय भरत नव्हते. तिसऱ्यांदा अर्ज परत आल्याचा निरोप भावाच्या फोनवर गेला, आणि भाऊ तेव्हा ट्रक घेऊन सुरतेच्या वाटेवर होता. त्याने निरोप पाहिला तेव्हा फेरी बंद झाली होती. केंद्रावरच्या बाईंना आम्ही भेटलो. त्या म्हणाल्या, 'ताई, मला सगळं समजतंय, पण माझ्या स्क्रीनवर ते बटणच नाही.' ती मुलगी यंदा पुन्हा अर्ज भरते आहे.

यातल्या बऱ्याच गोष्टींवर कायदा मुलीच्या बाजूने बोलतो, पण तो खिडकीपर्यंत पोचत नाही. लग्नाने जात बदलत नाही हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये पुन्हा सांगितले. आंतरजातीय विवाहातले मूल आईच्या जातीत, त्या जातीची झळ सोसत वाढले असेल, तर ते तसे पुराव्याने दाखवू शकते हे २०१२ च्या निकालात आहे. मागासवर्गीय उमेदवाराचे क्रिमीलेअर तपासताना आईवडिलांचे स्थान पाहायचे असते, नवऱ्याचे नाही, ही १९९३ च्या केंद्राच्या आदेशापासूनची रीत आहे. अविवाहित आईला मुलाच्या बापाचे नाव सांगायला भाग पाडता येत नाही, हे २०१५ मध्ये ठरले. मार्च २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने शासकीय कागदपत्रांवर आईचे नाव बंधनकारक करण्याचा निर्णय घेतला. हे सारे निकाल आणि निर्णय प्रवेशाच्या टेबलावर बसणाऱ्या माणसाला कुणी शिकवले? माझ्या चौदा वर्षांत आम्हाला दर जूनमध्ये प्रशिक्षण मिळाले ते सॉफ्टवेअरचे. कुठे क्लिक करायचे हे सांगत, कुणाला कोणता हक्क आहे हे कधीच सांगितले गेले नाही.

कामाचा बोजाही वाढत गेला. नव्या शैक्षणिक धोरणानुसार मुख्य विषय, दुय्यम विषय, कौशल्याचे विषय आणि श्रेयांकांची पेढी आली. पहिल्या वर्षाला येणाऱ्या मुलीला हे समजावून सांगणे हे खरे तर समुपदेशनाचे काम आहे आणि त्याला वेळ लागतो. चुकीचा विषय घेतला तर पुढे कोणती दारे बंद होतात हे तिला आजच कळायला हवे. पण कार्यालयातल्या जागा वर्षानुवर्षे रिकाम्या. उरलेला एक क्लार्क शिष्यवृत्तीचे पोर्टल, परीक्षा अर्ज आणि प्रवेश असे तिन्ही पाहतो. मग हे समजावण्याचे काम कोण करते? कॉलेजच्या फाटकासमोरचा सायबर कॅफेवाला. अर्ज भरण्याचे पैसे घेतो, पासवर्ड स्वतःच्या वहीत लिहून ठेवतो आणि पसंतीक्रमही तोच लावतो. मुलीच्या आयुष्याचा निर्णय त्याच्या वहीत. मे २०२५ मध्ये अकरावीचे संकेतस्थळ पहिल्याच दिवशी कोलमडले आणि वेळापत्रक पुढे ढकलावे लागले, तेव्हा खेड्यातल्या मुली दिवसाची मजुरी बुडवून त्याच्याच दुकानात बसून होत्या.

हे झाले सरकारी आणि अनुदानित बाजूचे. दुसऱ्या बाजूला ज्या जागा भरत नाहीत त्या भरण्याचा धंदा उभा राहिला आहे, आणि तिथे प्रवेश अधिकारी हा विक्रेता झाला आहे. विनाअनुदानित महाविद्यालयांत एप्रिल उजाडला की शिक्षकांना 'टार्गेट' वाटले जाते. इतके विद्यार्थी आणा, नाही तर पगार रोखू. एका वाचक मैत्रिणीचे पत्र माझ्यापुढे आहे. ती अभियांत्रिकीची प्राध्यापिका, पदव्युत्तर पदवी घेतलेली. तिला दहा प्रवेशांचे लक्ष्य होते. उन्हाळ्यात सहकाऱ्याच्या मोटरसायकलवर मागे बसून ती खेडोपाडी फिरली, बारावीच्या मुलींच्या घरी जाऊन चहा प्याली. तिने लिहिले आहे, 'मला शिकवायला ठेवलं आहे की स्थळं जमवायला, हेच कळेनासं झालं.' मोठ्या शहरांत या कामासाठी वेगळ्या मुली नेमतात. कंत्राटी, प्रत्येक प्रवेशामागे ठरलेली रक्कम, जाहिरातीत स्वतःचा मोबाइल नंबर. रात्री अकराला फोन येतात ते सगळेच प्रवेशाचे नसतात. शैक्षणिक मेळाव्यांसाठी परगावी हॉटेलांत मुक्काम करावा लागतो. २०१३ च्या लैंगिक छळविरोधी कायद्यात कामानिमित्त जावे लागते ती जागाही कामाचे ठिकाण धरली आहे, हे या मुलींना कुणी सांगत नाही. हंगामात रजा नाही, गरोदर असाल तर नवे कंत्राट नाही.

या नोकरीत बाया मुद्दाम घेतल्या जातात, आणि त्याचे कारण उघड आहे. मुलीच्या आईचा बाईवर विश्वास बसतो. वसतिगृह सुरक्षित आहे का, बस दारापर्यंत येते का, हे ती बाईला विचारते. संस्थेला विकायचा असतो तो हाच विश्वास.

आणि याच ठिकाणी सध्या मोठी फसगत होते आहे, तिकडे सगळ्या संघटनांनी लक्ष द्यावे. जुलै २०२४ मध्ये राज्य सरकारने एक चांगला निर्णय घेतला. आर्थिक दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग आणि इतर मागास वर्गातल्या, ८ लाखांपर्यंत वार्षिक कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ. पण यातल्या अटी वाचा. प्रवेश केंद्रीय फेरीतून झालेला हवा. व्यवस्थापन कोट्यातून घेतला तर माफी नाही. खासगी अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठे योजनेबाहेर आहेत. वसतिगृह, खाणावळ, प्रवास हे खर्च तर मुळातच धरलेले नाहीत. आता 'मुलींना फी माफ' एवढेच वाक्य ऐकलेले घर कौन्सेलरसमोर बसते. ती म्हणते, 'फेऱ्यांची वाट कशाला बघता, आजच जागा धरा, मुलींना आमच्याकडेही सवलत आहे.' ती सवलत म्हणजे जाहीर फीमधली थोडी कपात, आणि तीही पहिल्या वर्षापुरती. घर पैसे भरते, मूळ कागद जमा करते. दुसऱ्या वर्षी पूर्ण फीची नोटीस येते आणि मुलीचे शिक्षण थांबते, कारण भावाची फी थांबवायची नसते. पत्र लिहिणाऱ्या त्या प्राध्यापिकेलाही हेच अर्धे वाक्य बोलायला सांगितले होते. तिने ते बोलायचे नाकारले. तिचा दोन महिन्यांचा पगार अजून निघालेला नाही.

काही कार्यकर्त्या मैत्रिणींचे म्हणणे मी ऐकले आहे. त्या म्हणतात, या बाया शिक्षणाच्या बाजाराच्या दलाल आहेत, त्यांच्याबद्दल सहानुभूती कसली? मला हे पटत नाही. खोटे बोलून मुलीला अडकवणे हा गुन्हाच आहे, मग ते पुरुषाने करो की बाईने. त्याला पोटाचे कारण पुरत नाही. पण त्या खोट्याचा नफा कुणाकडे जातो आणि तक्रार आली की बळी कुणाचा जातो, हेही विचारले पाहिजे. अंगणवाडीच्या ताईला निकृष्ट आहाराबद्दल गावाने धरले तेव्हा आपण ताईच्या विरुद्ध उभ्या राहिलो नाही. पुरवठादाराचे नाव विचारले आणि ताईच्या मानधनाचाही प्रश्न मांडला. इथेही तेच करायचे आहे. खिडकीबाहेरच्या मुलीला आतल्या बाईविरुद्ध उभे केले की दोघींचाही मालक निवांत राहतो.

मग मागायचे काय? माझ्या समजुतीप्रमाणे पाच गोष्टी.

पहिली, अर्ज परत पाठवताना कारण मराठीत, सविस्तर आणि अधिकाऱ्याच्या नावानिशी लिहिलेले असावे, आणि त्याविरुद्ध फेरी बंद होण्याआधी दाद मागता यावी. दुसरी, नावातला फरक, वेगळे राहणाऱ्या वा टाकलेल्या बायकांचे उत्पन्न, एकट्या आईची मुले या बाबींत स्वतःच्या प्रतिज्ञापत्रावर तात्पुरता प्रवेश देण्याचा अधिकार प्रत्येक जिल्ह्यात एका समितीला असावा. त्या समितीत निम्म्या स्त्रिया असाव्यात आणि तिचे निर्णय फलकावर लागावेत. जुन्या अधीक्षकांची सही आपल्याला परत हवी आहे, पण कुणा एकाच्या दयेवर सोपवलेली नको, हिशोब द्यावा लागेल अशी हवी. तिसरी, प्रवेशाचे काम करणाऱ्यांना सॉफ्टवेअरबरोबर कायद्याचेही प्रशिक्षण मिळावे आणि ते देण्यात स्त्री संघटनांना बोलवावे. चौथी, शिक्षकांना प्रवेशाचे लक्ष्य देणे आणि त्यापायी पगार रोखणे यावर स्पष्ट बंदी यावी. प्रवेश सल्लागारांना नेमणूकपत्र, ठरलेला पगार, कार्यालयाचा फोन आणि अंतर्गत समितीचे संरक्षण मिळावे. पाचवी, फी माफीच्या योजनेची व्याप्ती आणि अटी प्रत्येक खासगी संस्थेने आपल्या दारावर मोठ्या अक्षरांत लावाव्यात. 'ही योजना आमच्याकडे लागू नाही' असेल तर तेही.

सरकार हे सारे या जूनपर्यंत देणार नाही. तोवर आपल्याला काय करता येईल तेही सांगते. उत्पन्न, अधिवास, नॉन-क्रिमीलेअर हे दाखले राज्याच्या २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याखाली ठरलेल्या मुदतीत मिळायला हवेत. अर्जाची पोच घ्या, मुदत टळली की अपील करा, आणि हे काम निकालानंतर न करता जानेवारीत सुरू करा. वस्तीतल्या दहावी-बारावीच्या मुलींच्या कागदांवरची नावे आतापासून जुळवून घ्या. मुलीचा स्वतःचा नंबर आणि स्वतःचा पासवर्ड असू द्या. फोन नसेल तर मंडळातल्या एखाद्या ताईचा नंबर द्या, जी रोज निरोप पाहील. पसंतीक्रम लावताना पहिल्या क्रमांकाला तेच कॉलेज टाका जिथे खरोखर जायचे आहे. अकरावीत पहिली पसंती मिळून ती नाकारली तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर पडावे लागते. खासगी विद्यापीठात पैसे भरण्याआधी चारही वर्षांची फी लेखी मागा. मूळ कागदपत्रे कुठल्याही संस्थेला अडकवून ठेवता येत नाहीत, हे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ च्या अधिसूचनेत स्पष्ट केले आहे. ती अधिसूचना छापून जवळ ठेवा आणि दाखवा.

आणि एक काम थोडे अवघड. सुविधा केंद्रात, कॉलेजच्या कार्यालयात जाल तेव्हा आतल्या बाईचे नाव विचारा. तिला बसवून बोला. तिचा पगार कधी झाला, तिला पाणी प्यायला उठता येते का, तिला कोणत्या बटणाची गरज आहे, हे विचारा. आमचा अनुभव असा की ज्या केंद्रात हे बोलणे झाले, तिथे पुढच्या वेळी अर्ज परत पाठवण्याआधी तिने आम्हाला फोन केला. एवढ्याने व्यवस्था बदलत नाही, पण त्या जूनमध्ये दोन मुलींच्या जागा वाचल्या.

पुढच्या अंकात या विषयावर तुमचे अनुभव छापायचे आहेत. प्रवेशासाठी धडपडलेल्या मुलींनी लिहावे, त्यांच्या आयांनी सांगावे आणि कुणीतरी लिहून घ्यावे. त्याहून आग्रहाची विनंती खिडकीच्या आत बसणाऱ्या मैत्रिणींना आहे. क्लार्क, तासिकेवरच्या प्राध्यापिका, कौन्सेलर, कॉल सेंटरमधून प्रवेशासाठी फोन करणाऱ्या मुली, तुम्ही लिहा. नाव छापायचे नसेल तर छापणार नाही. तुम्हाला कोणती वाक्ये बोलायला लावतात, कोणती बोलू देत नाहीत, एवढे जरी लिहिलेत तरी बाहेर रांगेत उभ्या असलेल्या मुलींना त्याचा उपयोग होईल.

आपली,
संपादक